चित्र कोठून येते? : संगणकाचा मदरबोर्ड निवडताना

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास आपले माजी विद्यार्थी शाळेत येतात. वसतिगृहात आपली खाट कोठे होती ते पाहतात, विहारात थोडा वेळ शांत बसतात आणि निघताना हमखास विचारतात, "सर, शाळेसाठी काय करू?" पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. पुस्तके द्या, सतरंज्या द्या, एखाद्या मुलाच्या वर्षभराच्या भोजनाचा भार उचला. अलीकडे विचारणाराच म्हणतो, "संगणक देऊ का?" पालकही हाच प्रश्न निराळ्या रीतीने विचारतात आणि त्यांच्या आवाजात काळजी अधिक असते. मुलीला बारावीनंतर संगणकाचे शिक्षण घ्यायचे आहे, पतसंस्थेतून कर्ज काढून यंत्र घ्यायचे आहे आणि दुकानदार सांगतो की वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय संगणक चालणारच नाही. यात खरे किती?

मी इतिहासाचा शिक्षक. दुसरे कोणी पुढे आले नाही म्हणून संगणक कक्षाची जबाबदारी माझ्याकडे आली. त्यामुळे प्रस्तुत लेख तज्ज्ञाचा नाही. एका शिक्षकाने चुकत, विचारत, वाचत जे समजून घेतले त्याची ही मांडणी आहे. या शिक्षणाची किंमत मात्र समाजाने दिलेल्या दानातून गेली, आणि म्हणूनच ते सर्वांसमोर ठेवणे मला आवश्यक वाटते.

काळे पडदे

काही वर्षांपूर्वी समाजबांधवांच्या देणगीतून शाळेने दहा संगणक घेतले. पुरवठादाराच्या अंदाजपत्रकात प्रत्येक यंत्रापुढे "ग्राफिक्स कार्डसह" असे लिहिलेले होते. ते वाचून आम्हांला आनंदच झाला. जास्तीचे काहीतरी मिळते आहे, अशी आमची समजूत झाली. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात मैदानावरची धूळ खिडक्यांतून आत आली, कार्डांवरचे लहान पंखे अडकले आणि एकेक पडदा काळा होऊ लागला. आठवीतील एका मुलीने मला विचारले, "सर, मशीन तर चालू आहे, आतला पंखा फिरतोय, दिवाही लागलाय. मग दिसत का नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे तालुक्याहून आलेल्या एका तंत्रज्ञाने यंत्र उघडून दाखवले तेव्हा उलगडा झाला. त्या संगणकांच्या प्रोसेसरमध्ये चित्र तयार करणारा भाग मुळातच नव्हता. चित्राचा सारा भार त्या स्वस्त कार्डावर होता. कार्ड बंद पडले की संगणक विचार करीत राहतो, पण दाखवू काहीच शकत नाही. मदरबोर्डाच्या मागे मॉनिटर जोडण्याची जागा होती, परंतु तिच्यामागे काहीच नसल्याने ती नुसती शोभेची होती. दिवाळीपर्यंत दहापैकी सहा यंत्रे झाकून ठेवावी लागली. त्या वर्षीच्या दहावीच्या मुलांना एका संगणकासमोर पाच-सहा जणांनी दाटीने बसावे लागले. ज्यांच्या घरी संगणक नाही, अशाच मुलांसाठी तो कक्ष होता.

ही फसवणूक होती असे मी म्हणणार नाही. अंदाजपत्रकात जे लिहिले तेच आम्हांला मिळाले. आम्हांला प्रश्न विचारता आला नाही, ही उणीव आमची. तो प्रश्न कोणता, हे आता पाहू.

ठिपके, कोठी आणि वाट

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक चित्र ठिपक्यांचे बनते. आज सर्वत्र आढळणाऱ्या साध्या मॉनिटरवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. एका ठिपक्याच्या रंगाची नोंद करण्यास ४ बाइट लागतात असे धरले, तर एका चित्राची नोंद सुमारे ८३ लाख बाइटांची होते. मॉनिटर ही नोंद सेकंदाला ६० वेळा नव्याने मागतो. गुणाकार केल्यास सेकंदाला सुमारे ५० कोटी बाइट, म्हणजे साधारण अर्धा गिगाबाइट माहिती स्मृतीतून पडद्याकडे सतत वाहत असते. चित्र तयार करण्याचे आणि ते पडद्याकडे पाठवण्याचे काम करणाऱ्या भागाला ग्राफिक्स प्रोसेसर म्हणतात.

हा भाग दोन प्रकारे बसवता येतो. एक प्रकार वेगळ्या कार्डाचा. त्या कार्डावर ग्राफिक्स प्रोसेसरची स्वतःची स्मृती, स्वतःचा पंखा आणि स्वतःची वीजजोडणी असते. दुसरा प्रकार अंगभूत ग्राफिक्सचा. त्यात हा भाग संगणकाच्या मुख्य चिपांमध्येच सामावलेला असतो आणि संगणकाची जी सामाईक स्मृती, म्हणजे रॅम, तीच तो वापरतो.

वसतिगृहाचा दाखला द्यायचा तर, पहिल्या प्रकारात पाहुण्याची कोठी आणि चूल निराळी. दुसऱ्या प्रकारात तो आपल्याच भोजनगृहात सर्वांबरोबर जेवतो. निराळी चूल मांडली की सोय अधिक, पण खर्चही अधिक. सामाईक भोजनगृहात खर्च वाचतो, पण कोठीत धान्य पुरेसे हवे आणि कोठीपर्यंत जाण्याची वाट रुंद हवी. वाटेच्या रुंदीचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पुढे त्याकडे परत येऊ.

या सर्व भागांना जोडणारी मोठी पाटी म्हणजे मदरबोर्ड. प्रोसेसर, स्मृती, साठवणूक, छापयंत्र, जाळे यांच्यातील वाहतूक सांभाळणाऱ्या त्यावरील चिपांच्या संचाला चिपसेट म्हणतात. चिपसेट कोणता, यावर पूर्वी जवळजवळ सारे काही ठरत असे. आज तसे नाही. हा बदल कसा घडला ते कळल्याशिवाय दुकानातील भाषा उलगडत नाही.

एका स्पर्धेचा इतिहास

जुन्या चिपसेटात दोन मुख्य चिपा असत. नॉर्थब्रिज नावाची चिप प्रोसेसर आणि स्मृती यांच्यामध्ये उभी असे, तर साउथब्रिज डिस्क, कळफलक, यूएसबी इत्यादी सांभाळत असे. स्मृतीचे दार नॉर्थब्रिजच्या ताब्यात असल्याने अंगभूत ग्राफिक्सही तिच्यातच बसवले गेले. इंटेल कंपनीने १९९९ मध्ये ८१० हा असा चिपसेट आणला. तैवानच्या सिस आणि व्हिया या कंपन्याही या क्षेत्रात होत्या. अशा चिपसेटांमुळे स्वस्त संगणक शक्य झाला हे खरे. पण ८१० मध्ये एक अडचण होती. पुढे वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावेसे वाटले, तर त्यासाठी त्या काळी वापरात असलेली एजीपी ही खाच त्यात नव्हती. पुढच्याच वर्षी आलेल्या ८१५ मध्ये अंगभूत ग्राफिक्स आणि ती खाच, दोन्हींची सोय झाली. आजचे काम भागवतानाच उद्याची वाट मोकळी ठेवावी, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

२००१ मध्ये एनव्हिडिया या ग्राफिक्स कंपनीने एएमडीच्या प्रोसेसरांसाठी एनफोर्स हा चिपसेट जाहीर केला. त्याच्या दोन आवृत्त्या होत्या. एनफोर्स २२० मध्ये स्मृतीकडे जाणारी वाट ६४ बिट रुंद होती आणि एनफोर्स ४२० मध्ये ती दुप्पट, म्हणजे १२८ बिट रुंद होती. ग्राफिक्सचा भाग तोच, पण वाट रुंद झाल्याने त्याचे काम अधिक वेगाने होई. अंगभूत ग्राफिक्सचे बळ स्मृतीच्या वाटेवर अवलंबून असते, हे त्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की स्पष्ट दिसत असे.

पुढे स्पर्धा तीव्र झाली. २००६ मध्ये एएमडीने एटीआय ही ग्राफिक्स कंपनी सुमारे ५४० कोटी डॉलरना विकत घेतली. त्या संयोगातून २००८ मध्ये ७८०जी हा चिपसेट आला. उच्च दर्जाची चित्रफीत प्रोसेसरवर फारसा भार न टाकता दाखवणे त्याला जमे. काही मदरबोर्डांवर तर या चिपसेटातील ग्राफिक्ससाठी थोडी स्वतंत्र स्मृतीही बसवलेली असे. त्याच वर्षी इंटेलचा जी४५ आणि एनव्हिडियाचे जीफोर्स ९३०० व ९४०० हे चिपसेट बाजारात होते. त्या दिवसांत "मदरबोर्ड कोणता?" हा प्रश्न म्हणजे "चित्र कसे दिसेल?" हाच प्रश्न होता.

मग स्मृतीचे दारच जागा सोडून गेले. एएमडीने २००३ मध्ये ॲथलॉन ६४ पासून आणि इंटेलने २००८ मध्ये नेहालेम रचनेपासून स्मृतीचे नियंत्रण थेट प्रोसेसरमध्ये नेले. स्मृती जेथे गेली तेथे ग्राफिक्सने जाणे ओघानेच आले. जानेवारी २०१० मध्ये इंटेलने प्रोसेसर व ग्राफिक्स एकाच वेष्टनात, पण दोन निराळ्या तुकड्यांवर ठेवले. जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज या रचनेत दोन्ही एकाच तुकड्यावर आले. त्याच वर्षी एएमडीनेही असे संयुक्त प्रोसेसर बाजारात आणले.

स्पर्धक चिपसेट कंपन्यांचे पुढे काय झाले? नव्या प्रोसेसरांसाठी चिपसेट बनवण्याचा परवाना एनव्हिडियाला आहे की नाही, यावरून इंटेलने २००९ मध्ये न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०११ मध्ये तडजोड झाली आणि परस्परांच्या पेटंटांच्या परवान्यासाठी इंटेलने एनव्हिडियाला १५० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. परंतु तोवर एनव्हिडियाने हा व्यवसाय सोडला होता. सिस आणि व्हियाही त्यातून बाहेर पडल्या होत्या. आज इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरला इंटेलचाच चिपसेट लागतो आणि एएमडीच्या प्रोसेसरला एएमडीचा. निवड चिपसेटांमध्ये होत नाही, दोन घराण्यांमध्ये होते, आणि घराणे एकदा निवडले की बाकीचे बरेच काही ठरून जाते.

या स्थित्यंतराच्या काळात ग्राहकांचा जो गोंधळ उडाला, तो आपल्या काळ्या पडद्यांचा पूर्वज म्हणता येईल. २०१० मध्ये पी५५ हा चिपसेट असलेल्या मदरबोर्डात ग्राफिक्स असलेला प्रोसेसर बसवला, तरी त्या ग्राफिक्सचा उपयोग होत नसे, कारण चित्र बाहेर नेण्याची सोय त्या चिपसेटात नव्हती. ती एच५५ मध्ये होती. २०११ मध्ये पी६७ आणि एच६७ यांच्यात हाच भेद होता. ज्यांनी अक्षराकडे लक्ष दिले नाही त्यांना कार्डासाठी पुन्हा पैसे मोजावे लागले.

आज काय पाहावे

वरील इतिहासाचा निष्कर्ष असा : पूर्वी चित्र मदरबोर्डातून येई, आज ते प्रोसेसरमधून येते. मदरबोर्ड फक्त ते बाहेर काढण्याची जागा पुरवतो. दुकानात मात्र "ग्राफिक्सवाला मदरबोर्ड" हा जुना शब्दप्रयोग अजून ऐकू येतो. म्हणून मदरबोर्डाच्या आधी प्रोसेसरचे नाव पूर्ण वाचावे आणि त्याच्या शेवटच्या अक्षराकडे पाहावे.

डेस्कटॉप प्रोसेसरच्या क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी एफ असेल, तर त्यात वापरता येण्याजोगे ग्राफिक्स नाही. इंटेलचा आय३-१२१०० आणि आय३-१२१००एफ हे दोन्ही चार गाभ्यांचे. पहिल्यात अंगभूत ग्राफिक्स आहे, दुसऱ्यात नाही. एफ असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्याच्यासोबत कार्ड घ्यावेच लागते आणि बचत तेथेच संपते. एएमडीच्या एएम४ या जुन्या सॉकेटच्या रायझन प्रोसेसरांत नियम उलट आहे. तेथे शेवटी जी असेल तरच ग्राफिक्स असते. रायझन ५ ५६००जी मध्ये ते आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटच्या ७००० मालिकेपासून एएमडीने साध्या प्रोसेसरांतही कामापुरते ग्राफिक्स दिले. तेथेही एफ असेल तर ते नसते, आणि ८६००जी सारख्या जी असलेल्या प्रोसेसरांत ते अधिक बलवान असते.

आता चिपसेट. इंटेलच्या १२ ते १४ या पिढ्यांसाठी एच६१०, बी७६० आणि झेड७९० ही नावे दुकानात ऐकू येतात. एएमडीच्या एएम४ साठी ए५२० व बी५५०, तर एएम५ साठी ए६२० व बी६५०. यांतील फरक जोडणीच्या जागांचा, विस्ताराचा आणि प्रोसेसरचा वेग नेमलेल्या मर्यादेबाहेर नेण्याच्या मुभेचा आहे. तोच प्रोसेसर आणि तीच स्मृती असेल, तर एच६१० वर दिसणारे पत्राचे पान किंवा पाठाची चित्रफीत झेड७९० वर अधिक सुंदर दिसत नाही. शाळेच्या कक्षासाठी, तसेच घरच्या अभ्यासासाठी, एच६१० किंवा ए५२० या पायरीचा मदरबोर्ड पुरतो. त्याच यंत्रात पुढे अधिक स्मृती आणि अधिक डिस्का घालण्याचा विचार असेल, तर बी या अक्षराचा घ्यावा, कारण स्मृतीसाठी चार खाचा बहुधा तेथे मिळतात.

दोन घराण्यांत कोणते? ग्राफिक्सचे बळ मोजल्यास ५६००जी हा आय३-१२१०० पेक्षा सरस आहे. लेखन, कोष्टके, इंटरनेट, चित्रफिती आणि शालेय पातळीवरील प्रोग्रॅमिंग यांना दोन्ही पुरेसे आहेत. अशा वेळी त्या दिवशीची किंमत, गावाजवळ मिळणारी दुरुस्तीची सोय आणि हमीची वर्षे यांवर निर्णय घेणे योग्य.

मदरबोर्ड घेताना आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, मागच्या बाजूच्या चित्राच्या जोडण्या. शाळेतील जुन्या प्रोजेक्टरला निळ्या तोंडाची व्हीजीए तार लागते, नव्या मॉनिटरला एचडीएमआय. दोन्ही असलेला मदरबोर्ड घेतल्यास जुनी साधने वाया जात नाहीत. दुसरी, बायोस. मदरबोर्ड आधी बनलेला आणि प्रोसेसर नंतरचा असेल, तर बायोस नावाचे त्याचे मूळ सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याशिवाय तो प्रोसेसर ओळखत नाही. म्हणून यंत्र दुकानातच चालू करून दाखवण्याचा आग्रह धरावा, आणि तेही मॉनिटरची तार मदरबोर्डाच्याच मागे जोडून.

एक की दोन?

आता वाटेच्या रुंदीकडे येऊ. डीडीआर४ प्रकारच्या ३२०० वेगाच्या एका रॅमपट्टीतून सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती ये-जा करू शकते. त्याच प्रकारच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या, तर दोन वाटा एकाच वेळी उघडतात आणि ही क्षमता ५१.२ गिगाबाइट होते. नुसते स्थिर पान दाखवण्यास अर्धा गिगाबाइट लागतो हे आपण पाहिले. त्यासाठी एक पट्टीही भरपूर झाली. पण त्रिमितीय आकृती फिरवताना किंवा चित्रफीत संपादित करताना ग्राफिक्स प्रोसेसर त्याच ठिपक्यांसाठी स्मृतीकडे पुनःपुन्हा धाव घेतो, आणि त्याच वाटेने मुख्य प्रोसेसरचीही ये-जा चालू असते. तेव्हा अरुंद वाटेवर खोळंबा होतो.

म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात. "डीडीआर५ ची एकच पट्टी म्हणजे दोन वाटा" असेही सांगितले जाते. त्या पट्टीत वाटेचे दोन भाग केलेले असतात हे खरे, परंतु प्रत्येक भाग निम्म्या रुंदीचा असतो. एकूण रुंदी एका पट्टीचीच राहते. तेथेही दोन पट्ट्याच हव्यात. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या असून एकीची पट्टी दुसरीत बसत नाही. एच६१० व बी७६० हे चिपसेट दोन्ही प्रकारच्या मदरबोर्डांत मिळतात, तेव्हा बिलावर प्रकार नमूद करून घ्यावा.

सामाईक कोठीचा हिशेबही ध्यानात ठेवावा. अंगभूत ग्राफिक्स काही स्मृती स्वतःसाठी राखून ठेवते. ८ जीबी रॅम असूनही संगणक थोडी कमी दाखवतो, त्याचे कारण बहुधा हेच. त्यात चोरी किंवा बिघाड नसतो.

कार्ड कोणाला हवे

वेगळ्या कार्डाला माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. आपले काही माजी विद्यार्थी आज इमारतींच्या त्रिमितीय आराखड्यांचे काम करतात, काही चित्रफितींचे संपादन करतात. त्यांना बलवान कार्ड आवश्यक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासात तर अनेक साधने एनव्हिडियाच्या कार्डांसाठी असलेल्या कुडा या प्रणालीवर आधारलेली आहेत. अशी गरज असेल तेथे कार्ड घ्यावे आणि चांगले घ्यावे. जी गोष्ट टाळावी ती म्हणजे गरज नसताना नावापुरते घेतलेले स्वस्त कार्ड. ते अनेकदा जुन्या रचनेचे असते. एनव्हिडियाच्या २०१२ सालच्या केप्लर रचनेवरील कार्डे पुढे कित्येक वर्षे नवी म्हणून विकली गेली. त्या रचनेला सुरक्षेची अद्यतने सप्टेंबर २०२४ पर्यंतच देण्याचे कंपनीने जाहीर केले होते.

विजेचाही विचार करावा. लहान कार्ड ३० वॅट घेते असे धरू. वीस संगणक रोज सहा तास चालले, तर ३० गुणिले २० गुणिले ६, म्हणजे दिवसाला ३.६ युनिट वीज केवळ कार्डांवर जाते. बिलापेक्षाही मोठी अडचण इन्व्हर्टरची. वीज गेल्यावर त्याच्यावर हा ६०० वॅटचा अधिक भार पडतो आणि मुलांचा तास लवकर संपतो.

मध्यम मार्ग उपलब्ध आहे. अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसर घ्यावा, मदरबोर्डावर कार्डासाठी लांब पीसीआय एक्स्प्रेस खाच आहे याची खात्री करावी, आणि वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, नामांकित व थोडा अधिक क्षमतेचा घ्यावा. पुढे मुलीच्या अभ्यासक्रमाने खरोखर मागणी केली तर कार्ड तेव्हा जोडता येईल. कार्ड कधी बिघडलेच, तर ते काढून तार मदरबोर्डाला जोडली की संगणक पुन्हा दिसू लागेल. आमच्या त्या सहा यंत्रांपाशी हाच दुसरा मार्ग नव्हता.

दानात आलेली जुनी यंत्रे

कार्यालयांतून काढून टाकलेले संगणकही शाळेकडे येतात. त्यांत जी३१ किंवा जी४१ या चिपसेटांचे, म्हणजे ज्या काळी चित्र मदरबोर्डातून येई त्या काळातले अनेक असतात. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग आणि साधारणतः इंटेलची आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका वा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. जी४१ च्या यंत्राला ते शक्य नाही. मात्र लिनक्सची हलकी आवृत्ती घातल्यास त्यावर युनिकोड मराठी टंकलेखन, लिब्रेऑफिसमधील कोष्टके आणि प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे करता येतात. अशी यंत्रे जरूर द्यावीत, पण चालू स्थितीत. बंद यंत्र दान केले, तर ते फेकण्याचे काम तेवढे शाळेकडे येते.

हिशेब कोणाचा

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले, तेव्हापासून आपल्या मुलांच्या शिक्षणामागे समाजाचा पैसा उभा राहत आला आहे. तो पैसा घामाचा असतो. एका यंत्रामागे वायफळ गेलेली रक्कम ही कोणाच्या तरी एका दिवसाची मजुरी असते, आणि दहा यंत्रांत वाचलेली रक्कम जमवली तर अकराव्या मुलासमोर संगणक ठेवता येतो. भगवान बुद्धांनी कालामांना दिलेला उपदेश आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकला आहे : परंपरेने चालत आले म्हणून, कोणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. दुकानाच्या पायरीवर तो विसरण्याचे कारण नाही.

तेव्हा देणगी देण्यापूर्वी किंवा कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. या यंत्रावर कोणते काम होणार आहे? प्रोसेसरच्या नावाचे शेवटचे अक्षर कोणते? मदरबोर्डाला मागे कोणत्या जोडण्या आहेत आणि कार्डासाठी खाच आहे का? रॅमच्या पट्ट्या किती आणि कोणत्या प्रकारच्या? बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव, अनुक्रमांक आणि हमीची मुदत लिहिली आहे का?

त्या सहा काळ्या यंत्रांपैकी एक आम्ही विकले नाही. दर जूनमध्ये आठवीचा नवा वर्ग कक्षात आला की त्याचे झाकण काढून ते टेबलावर ठेवतो. मुले एकेक भाग हाताळतात, धूळ खाल्लेले कार्ड खाचेतून काढतात, पुन्हा बसवतात. मग मी त्यांना त्या मुलीचा प्रश्न विचारतो : मशीन चालू आहे, मग दिसत का नाही? पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. आठवडाभरात बहुतेकांना येते.